जुन्या संगणकाचं नवं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही असा एखादा लॅपटॉप असेल. बटण दाबावं, चहाचं आधण ठेवावं, चहा गाळून कप हातात घ्यावा, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे! आमचा लॅपटॉप आठ वर्षांचा. शाळेच्या प्रश्नपत्रिका मी त्यावरच काढते. आमचे हे म्हणाले, "नवाच घेऊन टाक." दुकानदार म्हणाला, "सगळं पुसून नव्यानं भरून देतो." पण पुसायचं कसं? मामंजी जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या आवाजातली शुभंकरोती त्याच लॅपटॉपात आहे.

शेवटी नणंदेच्या मुलानं फोनवरून मार्ग दाखवला. "मामी, लॅपटॉप बदलू नका, आतली डिस्क बदला."

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या गरगर फिरत असतात नि एक छोटा दांडा हवी ती माहिती शोधत त्यांवर धावत असतो. नव्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळी माहिती चिपांमध्ये. म्हणजे माळ्यावर चढून डबा शोधण्याऐवजी ओट्याशेजारच्या फळीवरून हात लांबवून घ्यावा, तसं!

आता ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा घरकारभार पाहणारी कर्ती बाई. तिला नव्या डिस्कवर न्यायचं, तर नुसत्या फायली उचलून ठेवून भागत नाही. डबे-बरण्या, किल्ल्या, हिशेबाच्या वह्या, सगळं जसंच्या तसं उतरवावं लागतं. याला क्लोनिंग म्हणतात. त्यासाठी खास प्रोग्रॅम असतात. पुष्कळ एसएसडी कंपन्या आपला प्रोग्रॅम फुकट देतात. नवी डिस्क यूएसबीच्या केबलनं लॅपटॉपला जोडायची, 'कुठून' आणि 'कुठे' एवढं सांगायचं, की काम सुरू.

आणि इथेच माझी गंमत व्हायची होती. गंमत कसली, घातच म्हणा! जुनी डिस्क ५०० जीबीची, नवी ५१२ची. पडद्यावर मात्र एक दिसे ४६५ आणि दुसरी ४७६. (डिस्क बनवणारे नि विंडोज यांची मोजायची मापं वेगळी, म्हणून हा फरक.) मी घाईघाईत 'कुठे'च्या जागी ४६५वर खूण केली. "मामी, दाबण्याआधी आकडे वाचून दाखवा," भाचा म्हणाला. मी वाचले. तो जवळजवळ ओरडलाच, "थांबा!"

कारण जी डिस्क 'कुठे' म्हणून निवडाल, तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. रिकाम्या डिस्कची नक्कल भरल्या डिस्कवर उतरली असती नि मामंजींचा आवाज गेला असता. "दुसरी प्रत आहे ना?" त्यानं विचारलं. मी गप्प! 'नंतर करू' म्हणून ते राहूनच गेलं होतं. त्या रात्री काम तिथेच थांबवलं. आधी फोटो नि तो आवाज पेन ड्राइव्हवर उतरवला, लावून ऐकला, मगच झोपले.

दुसऱ्या दिवशी क्लोनिंग नीट झालं. डिस्क बसवायला मात्र दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि समोर बसून काम करून घेतलं. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतो. चहाला उसंतच मिळत नाही!

तुम्ही हे करणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा :

१. आधी दुसरी प्रत, मग बाकी सगळं. प्रत उघडून पाहा.

२. आपल्या लॅपटॉपात कोणत्या आकाराची डिस्क बसते ते विचारून मगच खरेदी करा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी घेतलेली सोयीची.

३. विंडोजची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल, तर तिची ४८ आकडी रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा.

४. काम चालू असताना चार्जर लावलेला असू द्या.

५. जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर कपाटात राहू द्या.

६. एसएसडीही कधी अचानक बंद पडते. म्हणून दुसरी प्रत कायमची हवीच.

आणखी एक. वेग वाढला म्हणून विंडोजचं वय कमी होत नाही, बरं का! विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तुमच्याकडे तेच असेल, तर पुढची सोय जाणकाराला विचारून करा.

परवा दिवेलागणीला धाकटीनं स्वतःच लॅपटॉप उघडला नि आजोबांची शुभंकरोती लावली. सासूबाई माजघरातून बाहेर आल्या, काही न बोलता शेजारी बसल्या. तेव्हा वाटलं, त्या रात्री आकडे वाचले, हे किती बरं झालं!