बॉबीची मागची चक्री

1973 च्या सप्टेंबरमध्ये 'बॉबी' झळकला आणि ऋषी कपूर-डिंपल कपाडियांबरोबर एक बुटकी मोटरसायकलही लोकांच्या मनात भरली. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जीटीएस 175. कागदावरचं नाव काहीही असो, लोकांनी तिला बॉबीच म्हटलं. चाकं लहान, बैठक ठेंगणी, इंजिन मात्र थोरल्या राजदूतचं: 173 सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. त्या थोरल्या राजदूतचं मूळ पोलंडच्या एसएचएल एम 11 या गाडीत.

मराठवाड्यात राजदूत ही दुधाच्या कॅनची आणि शेताच्या वाटेची गाडी होती, बॉबी हौसेची. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात कुणी अशी जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली, की रंग, सीट, कार्बोरेटर यांचं कसंबसं जमतं. घोडं पेंड खातं ते मागच्या चक्रीपाशी, म्हणजे स्प्रॉकेटपाशी. मूळ भाग सहज मिळत नाही. मग दुसऱ्या गाडीची चक्री आणून मधलं भोक वाढवतात, बोल्टाची भोकं हाताने पाडतात आणि चक्रीचं सेंटर सरकतं.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवलं की दोष दिसतो. चेन एका जागी तारेसारखी ताठ होते, अर्ध्या फेऱ्यानंतर लोंबते. चक्री एक मिलिमीटर जरी सरकलेली असली, तरी एका फेऱ्यात दोन चक्र्यांमधलं अंतर दोन मिलिमीटरने कमी-जास्त होतं आणि चेनच्या मध्यावर तो फरक कितीतरी पटींनी वाढून दिसतो. लोंबती जागा बघून चेन ओढली, की ताठ जागी सगळा ताण चाकाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. ढिली चेन निदान खडखड करून सांगते. ही ताठ चेन मुकाट्याने बेअरिंग खाते.

पण चक्रीवर आळ घेण्याआधी खात्री करावी. खडूने चक्रीच्या एका दातावर आणि चेनच्या एका कडीवर खूण करायची. दर फेऱ्याला तोच दात आला की चेन ताठ होत असेल, तर दोष चाकाकडे. खुणेची कडी फिरून आल्यावरच ताठ होत असेल, तर चेन कुठे जास्त, कुठे कमी झिजलेली आहे, ती बदलावी. चाकाकडचा दोष असला तरी आधी बेअरिंगचा गाळा पाहावा. मग मागच्या चिमट्यावर (स्विंग आर्मवर) एक तार बांधून तिचं टोक हबच्या कडेजवळ आणायचं आणि चाक फिरवायचं. फट सगळीकडे सारखी राहिली तर हब सरळ आहे. तेच टोक दातांच्या बुडाशी आणून पाहिलं, की चक्रीचा 'आउट' डोळ्यांना दिसतो. माझ्या मते या कामातली खरी कारागिरी या तपासणीत आहे.

चक्री हबवर बोल्टांनी बसत असेल आणि भोकांत थोडी जागा असेल, तर घरच्या घरी काम होतं. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, बोटं चेनपासून लांब. बोल्ट जरासे सैल करायचे, चक्री जेमतेम हलेल इतकेच. चेन सगळ्यात ताठ होईल तिथे चाक थांबवायचं आणि चेनच्या मधोमध लाकडी हातोडीने हलका ठोका द्यायचा. त्या क्षणी चक्रीचं सेंटर मागे गेलेलं असतं. ठोक्याने ती इंजिनच्या बाजूला ओढली जाते. पुन्हा फिरवायचं, नवी ताठ जागा शोधायची, पुन्हा ठोका. फरक जवळजवळ मिटला, की समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत आणायचे आणि शेवटी सगळ्यात ताठ जागी चेन वरखाली दोनेक सेंटिमीटर हलेल इतकी ढील ठेवायची.

मधलं भोकच वाकडं किंवा मोठं असेल, तर ठोकून केलेली दुरुस्ती खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकण्याची शाश्वती नाही. तिथे लेथच हवं. टर्नर दातांच्या बुडावरून चक्रीचं सेंटर काढतो, भोक गोल करून घेतो आणि हबच्या मापाची रिंग कातून आत घट्ट बसवतो. मग चक्रीचं सेंटर बोल्टांच्या भरवशावर न राहता रिंगवर राहतं.

बॉबी आता फार उरलेल्या नाहीत. तुमच्याकडे एखादी असेल, तर जुनी चक्री भंगारात देऊ नका. आणि लेथवर जाताना नुसती चक्री नेऊ नका, हबही सोबत न्या. माप त्याचंच घ्यायचं असतं.