वाकडे पाऊल सरळ कसे होते?

पाबळसारख्या गावी तान्ह्या मुलाचे पाऊल आत वळलेले व टाच वर ओढलेली दिसली, की वडीलधारी माणसे ग्रहणाला बोल लावतात आणि ठपका मात्र आईवर येतो. वस्तुतः सुमारे १००० जन्मांत एकाच्या वाट्यास येणाऱ्या, गर्भावस्थेतच घडणाऱ्या या विकृतीशी ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही.

तान्ह्याच्या पावलातील हाडे बव्हंशी कूर्चेची असतात. म्हणून कोवळा वेल मांडवावर वळवावा तसे, अस्थिशल्यविशारद इग्नासियो पोन्सेटी यांच्या पद्धतीने ते पाऊल दर आठवड्यास हलकेच बाहेर वळवून मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये बांधतात. त्या ताणाशी जुळवून घेत अस्थिबंध लांबतात, कूर्चा नवा आकार धरते. पाच-सहा प्लास्टरांनंतर बहुधा टाचेमागची ताठर शीर बारीक छेदाने कापावी लागते. ती सुमारे तीन आठवड्यांत लांब होऊन सांधते.

खरी कसोटी पुढेच. दांडीने जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ अहोरात्र आणि नंतर चार वर्षांचे होईतो निजताना घालावेच लागतात. रडण्यापायी ते कोनाड्यात गेले, की पाऊल पुन्हा वळते. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकृतीची तपासणी व इलाज मोफत आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडे नोंद अवश्य करावी. पोटरी किंचित बारीक राहते, कधी दोन मापांच्या चपला घ्याव्या लागतात, पण मूल धावते.