पाठपोट छपाई नेमकी बिघडते कुठे?

धर्मग्रामातील गीतपुस्तिका, पतपेढीचा वार्षिक अहवाल, महिला मंडळाची नियमावली, विवाहविधीची छोटेखानी पुस्तिका अशा अनेक गोष्टी आता मुद्रणालयात न जाता कार्यालयातील अथवा घरातील संगणकावरच सिद्ध होतात आणि शेजारच्या प्रिंटरवर छापल्या जातात. मजकूर चोख असतो, मुद्रिते दोनदोनदा तपासलेली असतात, आणि तरीही छापलेली पहिली प्रत हाती येते तेव्हा दुसरे पृष्ठ डोके खाली पाय वर अशा अवस्थेत उभे असते, किंवा पहिल्या पृष्ठाच्या पाठीवर आठवे पृष्ठ विराजमान झालेले असते. यातील नुकसान किरकोळ नसते. ए ५ आकाराची ३२ पृष्ठांची पुस्तिका घेतली, तर एका प्रतीला ए ४ आकाराचे ८ कागद लागतात. १५० प्रतींना १२०० कागद, म्हणजे दोन रिमा संपून तिसरीतलेही २०० कागद. एका चुकीच्या खुणेने हे सारे रद्दीत जाऊ शकते. आणि हे बहुधा कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी घडते, जेव्हा कागदाचे दुकानही बंद झालेले असते.

अशा वेळी सारा राग प्रिंटरवर निघतो. प्रिंटर मात्र बहुतेक वेळा सांगितलेलेच करीत असतो. पाठपोट छपाईचा निर्णय एका जागी होत नाही, तो तीन जागी होतो: वर्ड प्रोसेसरमधील मजकुराच्या मांडणीत, छपाईची आज्ञा देताना उघडणाऱ्या चौकटीत (आणि तिच्यामागे असलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये), व शेवटी प्रत्यक्ष यंत्रात आणि कागदात. या तिहींपैकी दोष कुठे आहे हे ठरविल्याशिवाय खुणा बदलत बसणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नसून निदानाचे आहे.

त्यासाठी एक नवी कोरी फाइल उघडावी. पहिल्या पृष्ठावर मोठ्या अक्षरांत १ हा आकडा लिहावा, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबून पुढच्या पृष्ठावर जावे, तेथे २ लिहावा, आणि अशा रीतीने चार पृष्ठे पूर्ण करावीत. कागदाचा आकार, कागदाची दिशा आणि छपाईच्या खुणा मूळ पुस्तिकेसाठी जशा योजिल्या आहेत तशाच ठेवून ही चार पृष्ठे छापावीत. ती बरोबर आली तर यंत्र आणि ड्रायव्हर निर्दोष आहेत, दोष आपल्या मजकुराच्या फाइलमध्ये शोधावा. ती चुकली तर फाइलला हात लावू नये, दोष आज्ञेत किंवा यंत्रात आहे. एवढ्या दोन कागदांत अर्धा तिढा सुटतो.

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे मागची बाजू उलटी छापली जाणे. छपाईच्या चौकटीत कागद लांब कडेवर उलटायचा की आखूड कडेवर, असे दोन पर्याय असतात. वर्डमध्ये त्यांची नावे ‘फ्लिप पेजेस ऑन लाँग एज’ आणि ‘फ्लिप पेजेस ऑन शॉर्ट एज’ अशी आहेत. पुस्तकाचे पान आपण डाव्या बाजूच्या लांब कडेभोवती उलटतो, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान वरच्या आखूड कडेभोवती. दोहोंच्या मागील बाजूची छपाई एकमेकींच्या उलट असते. नियम एवढाच लक्षात ठेवावा की बांधणी किंवा घडी कागदाच्या ज्या कडेला समांतर येते, ती कडा निवडायची. उभ्या ए ४ कागदावरील अहवाल डाव्या बाजूस पिना मारून बांधायचा असेल तर लांब कडा. ए ४ कागद आडवा धरून, त्यावर दोन पृष्ठे शेजारीशेजारी छापून, मधोमध घडी घालायची असेल तर ती घडी आखूड कडेला समांतर जाते, म्हणून आखूड कडा. पुस्तिका छापताना सवयीने लांब कडेची खूण तशीच राहते आणि प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी येते. १२०० कागद वाया जाण्याचे सर्वांत सोपे कारण हेच.

पुस्तिकेच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. पृष्ठे घडीच्या क्रमाने लावण्याचे काम वर्डही करतो आणि अनेक प्रिंटरांचे ड्रायव्हरही करतात. वर्डमध्ये ‘पेज सेटअप’मधील ‘मल्टिपल पेजेस’ या जागी ‘बुक फोल्ड’ निवडले, की तो कागद आपोआप आडवा करतो व पृष्ठांची जुळणी करतो. लिबरऑफिस रायटरमध्ये हेच काम छपाईच्या चौकटीतील ‘ब्रोशर’ या पर्यायाने होते. हे केल्यानंतर पुन्हा प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन तेथीलही ‘बुकलेट’वर खूण केली, तर जुळणीची जुळणी होते आणि एका बाजूवर चार चिमुकली पृष्ठे भलत्याच क्रमाने अवतरतात. दोन स्वयंपाकिणींनी एकाच आमटीत मीठ घालावे तसा हा प्रकार. जुळणी एकाच ठिकाणी करावी, दुसरीकडची खूण काढून टाकावी.

जुळणी बरोबर झाली की नाही हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे. घडीच्या पुस्तिकेत कागदाच्या एका बाजूवर शेजारीशेजारी येणाऱ्या दोन पृष्ठांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी एकूण पृष्ठसंख्येहून एकने अधिक असते. ३२ पृष्ठांच्या पुस्तिकेत सर्वांत बाहेरच्या कागदावर ३२ आणि १ येतात, त्याच्या पाठीवर २ आणि ३१, पुढच्या कागदावर ३० आणि ३. बेरीज सर्वत्र ३३. कोठेही ही बेरीज मोडली तर छपाई तेथेच थांबवावी. अर्थात एकूण पृष्ठसंख्येला चाराने भाग जावयास हवा. ती ३० असेल तर दोन पृष्ठे कोरी राहणारच. ती कुठे राहावीत हे आपण ठरवावे, नाहीतर ती शेवटी राहतात आणि मलपृष्ठावर जो मजकूर यावयाचा तो आत जातो.

आता फाइलमधील दोषांकडे वळू. चार पृष्ठांची चाचणी उत्तम येते, पण मूळ पुस्तिका मध्येच बिघडते, त्या वेळी संशय ‘सेक्शन ब्रेक’वर घ्यावा. विभाग पाडताना ‘ऑड पेज’ हा प्रकार वापरला असेल, तर पुढचा विभाग विषम पृष्ठावरच सुरू व्हावा म्हणून वर्ड गरजेनुसार मध्ये एक कोरे पृष्ठ घालतो. टंकन करताना ते पडद्यावर दिसत नाही, कागदावर मात्र येते. पृष्ठक्रमांक मध्येच पुन्हा १ पासून सुरू केले तरी असेच होऊ शकते. प्रस्तावनेची तीन पृष्ठे संपली आणि मुख्य मजकूर पुन्हा १ पासून सुरू झाला, तर दोन विषम क्रमांक लागोपाठ येतात. दोन्ही कागदाच्या दर्शनी बाजूवर हवेत, म्हणून मध्ये कोरी बाजू येते. ग्रंथासाठी ही सोय योग्यच आहे. परंतु ३२ पृष्ठांत बसविलेल्या पुस्तिकेची पृष्ठे त्यामुळे ३३ होतात आणि आठांऐवजी नऊ कागद लागतात. उपाय असा: ‘होम’ पट्टीवरील परिच्छेदचिन्ह दाबून लपलेल्या खुणा उघड कराव्यात, प्रत्येक विभागखूण कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे आणि कारण नसेल तेथे ‘ऑड पेज’ऐवजी ‘नेक्स्ट पेज’ योजावे. लिबरऑफिसमध्ये अशी आपोआप येणारी कोरी पृष्ठे छापावीत की नाही, हे रायटरच्या छपाईविषयक ‘ऑप्शन्स’मध्ये ठरविता येते.

विभागांच्या पोटात आणखी दोन दोष लपून बसतात. एक म्हणजे कागदाचा आकार. एखाद्याने परदेशातून पाठविलेला मजकूर आपल्या फाइलमध्ये चिकटविला, की त्याच्याबरोबर त्याचा ‘लेटर’ आकारही येऊ शकतो. लेटर कागद २१६ बाय २७९ मिलिमीटरचा, ए ४ हा २१० बाय २९७ चा. एकाच कागदाच्या दोन बाजूंना दोन आकार देता येत नाहीत, म्हणून यंत्र नवा कागद घेते अथवा निरोप दाखवून थांबून राहते. दुसरा दोष ट्रेचा. ‘पेज सेटअप’मध्ये पहिल्या पृष्ठासाठी एक ट्रे आणि इतरांसाठी दुसरा असे नेमलेले असेल (पूर्वी कोणी लेटरहेडच्या पत्रासाठी केलेली सोय पुढे नमुन्यातून वर्षानुवर्षे वाहत येते), तर पहिले पृष्ठ एकपाठी छापले जाऊन बाकीची सारी जुळणी एका घराने सरकते.

पाठपोट छपाईचा पर्यायच फिका दिसत असेल, त्यावर खूण करताच येत नसेल, तर यंत्रात कागद उलटण्याची सोय आहे का ते आधी त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. सोय असूनही पर्याय फिका असेल, तर विंडोजमध्ये प्रिंटरच्या गुणधर्मांतील ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ या पानावर ‘डुप्लेक्स युनिट’पुढे ‘नॉट इन्स्टॉल्ड’ असे लिहिलेले असण्याचा संभव असतो. ते बदलावे, किंवा सर्वसाधारण ड्रायव्हर काढून त्या यंत्राचा स्वतःचा ड्रायव्हर बसवावा. कागदाचा प्रकार चुकून ‘जाड’, ‘लेबल’ वा ‘पाकीट’ असा निवडला गेला असला तरी बरीच यंत्रे ही सोय बंद करतात. मुखपृष्ठाचा जाड कागद म्हणूनच बहुधा हाताने उलटून छापावा लागतो.

हाताने उलटण्याची पद्धत आजही अनेक कार्यालयांत रूढ आहे आणि ती नीट समजून घेतली तर मुळीच कमी दर्जाची नाही. आधी विषम पृष्ठे छापायची, मग चळत पुन्हा ट्रेत ठेवून सम पृष्ठे. वर्डमध्ये ‘मॅन्युअली प्रिंट ऑन बोथ साइड्स’ निवडले की तो विषम पृष्ठे छापून थांबतो व चळत परत ठेवण्यास सांगतो. प्रश्न असतो ती कशी ठेवायची हा, कारण काही यंत्रे कागद उताणा बाहेर टाकतात, काही पालथा. काहींच्या ट्रेतून तो सरळ जातो, काहींत वळसा घेऊन. तर्क लढविण्यापेक्षा ट्रेतील वरच्या कोऱ्या कागदावर, आपल्याकडे असलेल्या बाजूस, शिसपेन्सिलीने फुली आणि यंत्राच्या दिशेने टोक असलेला बाण काढावा आणि एक पृष्ठ छापावे. छपाई फुलीच्या बाजूस झाली की पाठीमागे, आणि बाणाचे टोक मजकुराच्या डोक्याकडे आहे की पायाकडे, एवढे पाहिले की उत्तर मिळते. ते चिठ्ठीवर लिहून यंत्रावरच चिकटवून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या स्वयंसेवकाला पुन्हा शोध लावावा लागणार नाही.

येथेही चूक स्वतःच आपले कारण सांगते. जोड्या बरोबर पण मागची बाजू उलटी असेल, तर चळतीचे डोके आणि पाय यांची अदलाबदल करावी. आठ पृष्ठांत १ च्या पाठीवर ८, ३ च्या पाठीवर ६, ५ च्या पाठीवर ४ असे येत असेल, तर सम पृष्ठांचा क्रम उलटा हवा आहे. वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात छपाईखाली कागदाच्या दर्शनी आणि मागील बाजूंच्या क्रमासाठी स्वतंत्र खुणा आहेत. पृष्ठसंख्या विषम असताना मात्र खास सावध असावे. सात पृष्ठांच्या मजकुरात विषम पृष्ठांचे चार कागद होतात आणि सम पृष्ठे तीनच. क्रम उलटा असेल तर ६ हे पृष्ठ ७ च्या पाठीवर जाऊन बसते, ४ हे ५ च्या पाठीवर, आणि १ ची पाठ कोरी राहते. शेवटी एक कोरे पृष्ठ वाढवून संख्या सम केली की हा घोटाळा उद्भवत नाही. तसेच दीडशे प्रती एकदम सोडू नयेत. पहिल्या फेरीत कुठे दोन कागद चिकटून एकत्र गेले, तर दुसऱ्या फेरीत त्यापुढील प्रत्येक कागद चुकतो. दहादहा प्रतींचे गट करावेत.

दोन कागद चिकटण्याचे मूळ पुष्कळदा हवेत असते. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात कागद दमट होतो. लेझर प्रिंटरमध्ये पहिली बाजू छापताना तो तापलेल्या रुळांतून जातो, एका बाजूने सुकतो, वळतो आणि दुसऱ्या खेपेस अडकतो. रीम वेष्टनातच ठेवावी, लागेल तेवढाच कागद काढावा, पहिली बाजू छापल्यावर चळत थंड होऊ द्यावी, सपाट दाबून, फुलवून मगच परत ठेवावी. शाईच्या प्रिंटरवर तर पहिली बाजू वाळेपर्यंत थांबणे भागच आहे. पातळ कागदावर मागची अक्षरे पुढे दिसतात, म्हणून गाण्यांच्या पुस्तिकेसाठी ७० ग्रॅमऐवजी ८० ग्रॅमचा कागद घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. वयस्कर मंडळींच्या डोळ्यांना तो फरक जाणवतो.

राहिला मराठीचा आपला खास प्रश्न. एका संगणकावर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तेथे तो फाँट नसला, तर अक्षरे बिघडतात हे सर्वांना ठाऊक आहे. युनिकोड मजकुरातही फाँट बदलला की ओळींची लांबी बदलते, ओळी पुढच्या पृष्ठावर सरकतात आणि ३२ पृष्ठांची ३४ होतात, हे तितकेसे लक्षात येत नाही. म्हणून फाइल जेथे तयार झाली तेथेच, ‘बुक फोल्ड’ न लावता, साध्या ए ५ पृष्ठांची पीडीएफ करून घ्यावी. तिच्यात फाँट समाविष्ट होतात आणि पृष्ठे जागची हलत नाहीत. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ती उघडून छपाईच्या चौकटीत ‘बुकलेट’ निवडले की घडीची जुळणी तेथेच होते. कागद उलटण्याची सोय नसलेल्या यंत्रासाठी त्याच चौकटीत आधी फक्त दर्शनी आणि मग फक्त मागील बाजू छापण्याचा पर्यायही दिलेला आहे. पहिली प्रत घडी घालून, पिना मारून, ज्याने ती टंकली नाही अशा कोणाच्या तरी हाती द्यावी आणि त्याने सर्व पाने उलटून होईपर्यंत दुसरी प्रत छापावयास सोडू नये.