गॅरेजमधलं ओव्हरहॉलिंग

२१ ऑक्टोबर १९७६. भारतात घरोघरी दिवाळीची धामधूम होती. त्याच दिवशी इथे, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुण मंडळींनी एक अचाट शर्यत लावली. जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली घ्यायच्या आणि डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने सुटायचं ते थेट पायथ्याशी. अंतर सुमारे दोन मैल आणि उतार तेराशे फुटांचा. त्या सायकलींना पेडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक असायचा. एवढ्या उतारावर तो इतका तापे की मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोहोचलं की हब उघडायचा, पुसायचा आणि नवं ग्रीस भरायचं. पुन्हा भरायचं, म्हणून त्या उताराचं नाव पडलं 'रिपॅक'.

आज जगभर जिला माउंटन बाइक म्हणतात, ती या खटपटीतून आकाराला आली. गॅरी फिशर यांनी जुन्या सायकलीला गिअर आणि दणकट ब्रेक बसवले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये मुद्दाम डोंगरासाठी म्हणून नवी फ्रेम बांधली. फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये कंपनी काढली, तिच्यासाठी टॉम रिची फ्रेमा बांधत. मोठे कारखाने नंतर आले. सुरुवात झाली ती भंगारातले भाग, हाताला लागलेले पाने आणि 'हे मोडलं, आता याच्याऐवजी काय बसवता येईल?' या प्रश्नापासून.

हा इतिहास मुद्दाम सांगितला. आपल्या बे एरियातल्या कितीतरी मराठी घरांच्या गॅरेजमध्ये एकेक माउंटन बाइक धूळ खात उभी असते. चेन करकरते, ब्रेक किंचाळतात, आणि मग एक दिवस आपण नवी सायकल शोधायला लागतो. माझं म्हणणं एवढंच, की आधी देखभाल आणि मगच बदल. बदलही त्याच भागाचा, जो झिजलाय. हे काम घरी करता येतं, आणि ते करायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी एम. ए. मराठी, सहा वर्षं शाळेत शिकवलेली आणि आता घर सांभाळणारी बाई. ते मी करते, म्हणून हे लिहायचं धाडस.

आमची 'सेकंडहँड' सायकल

गेल्या वर्षी लेक सातवीत गेली आणि शाळेच्या सायकल क्लबमध्ये नाव घालून आली. आम्ही सॅन होजेला राहतो. घरापासून जवळच सांता टेरेसाच्या टेकड्या आहेत. वाटा खडकाळ, दगडधोंड्यांच्या. साधी सायकल तिथे चालणार नाही हे उघड होतं. नव्या चांगल्या माउंटन बाइकच्या किमती ऐकल्या आणि एका पगाराच्या घरात जे व्हायचं तेच झालं. ओळखीच्या एका कुटुंबाकडून तीनशे डॉलरला वापरलेली सायकल घेतली. पुढे सस्पेन्शन, मागे नाही. पुढे दोन चक्रं, मागे दहा.

एका दुकानात दाखवली तर ब्रेक, चेन, मागची कॅसेट आणि सर्व्हिसिंग मिळून खर्चाचा आकडा सायकलीच्या किमतीपेक्षा जास्त. हे म्हणाले, "राहू दे, थोडे पैसे घालून नवीच घेऊ." मी म्हटलं, "आधी उघडून तर बघू या."

पहिला मान ब्रेकचा

सायकल सुंदर दिसते की नाही हे नंतर. बारा वर्षांचं पोर उतारावरून येणार असेल, तर पहिली तपासणी ब्रेकची. चाक काढलं, ब्रेक पॅडची पिन काढली आणि पॅड हातात घेतले. धातूच्या पट्टीवर जो मसाला असतो, तो शिमानोच्या पुस्तिकेप्रमाणे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलायलाच हवेत. आमचे मागचे पॅड त्याच्याही खाली गेले होते. जवळजवळ धातूवर धातू. ही सायकल तशीच टेकडीवर गेली असती तर, हा विचार मी फार वेळ केला नाही. पॅड मागवले.

पॅड बदलणं हे खरोखर सुरीला धार लावण्याइतकं सोपं काम आहे. पथ्यं तेवढी पाळायची. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही. आतले पिस्टन प्लॅस्टिकच्या टायर-लिव्हरने हलकेच मागे ढकलायचे. डिस्कला तेलकट हात लावायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन डिस्क पुसायची. डिस्कसुद्धा झिजते. शिमानोच्या डिस्कवर किमान जाडी, दीड मिलिमीटर, बारीक अक्षरांत कोरलेली असते. नवे पॅड बसवल्यावर सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा आणि पूर्ण न थांबता चालण्याच्या वेगापर्यंत हळू व्हायचं, असं वीस वेळा. त्याशिवाय पॅड नीट धरत नाहीत.

आणि एक फार महत्त्वाचं. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरं खराब होतात. कोणतं घालायचं ते लिव्हरवर किंवा त्याच्या टाकीवर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नका.

चेन: सगळ्यात स्वस्त विमा

चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण खरं तर तिच्या पिना आणि जोड झिजतात आणि म्हणून ती लांबते. लांबलेली चेन कॅसेटच्या दातांवर नीट बसत नाही आणि त्यांनाही खाते. तपासायला इंचाची साधी पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. बारा इंचांवर बरोबर पिनेचा मध्य यायला हवा. तो एक-सोळांश इंच पुढे सरकला असेल, तर झीज अर्धा टक्का झाली. मागे अकरा किंवा बारा चक्रं असतील तर तेव्हाच चेन बदला. दहा किंवा कमी असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत चालते. पंधरा डॉलरच्या आसपास चेन-चेकर मिळतो, त्याने काम आणखी सोपं.

वेळेवर बदललेली चेन म्हणजे तीस डॉलर. न बदललेली चेन म्हणजे चेन, कॅसेट आणि पुढचं चक्र, सगळंच. आमच्या सायकलीची झीज एक टक्क्यापुढे गेली होती, म्हणजे कॅसेटही गेलेलीच.

रोजची काळजी मात्र फुकट आहे. फेरी झाली की जुन्या सुती साडीच्या फडक्याने चेन पुसायची. इथे उन्हाळाभर पाऊस नाही, धूळ अफाट, म्हणून कोरडं वंगण. हिवाळ्यात पाऊस सुरू झाला की ओलं. प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, मग पेडल उलटं फिरवून मुरवायचं आणि वरचं सगळं तेल पुसून टाकायचं. फोडणीसारखं सढळ तेल इथे नको. जादा तेलाला धूळ चिकटते आणि तिचं पॉलिश पेपरसारखं काळं खरकटं होतं.

बदल केव्हा आणि कोणता?

कॅसेट नाहीतरी बदलायचीच होती, म्हणून इथे आम्ही पहिली मोठी सुधारणा केली. पुढची दोन चक्रं काढून एकच तीस दातांचं ठेवलं. याचे दात एक रुंद, एक अरुंद असे असतात, त्यामुळे दगडांवरून आदळतानाही चेन सहसा पडत नाही. पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर, केबल, सगळं निघालं. सायकल हलकी झाली आणि लेकीला एकाच हाताने गिअर बदलता यायला लागले.

मागे काय बसवायचं यात मात्र गृहपाठ लागतो. सगळे बारा चक्रांचं कौतुक करतात. पण शिमानोच्या १०-५१ दातांच्या बारा चक्रांच्या कॅसेटला 'मायक्रो स्प्लाइन' नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. म्हणजे बऱ्याचदा चाकच नवं. त्याऐवजी डिओर मालिकेतली ११-५१ दातांची अकरा चक्रांची कॅसेट आमच्या जुन्या हबवर सरळ बसली. चढाला लागणारं सर्वांत मोठं चक्र तेच, खर्च बराच कमी. नवा मागचा डिरेलर, शिफ्टर आणि चेन मात्र सोबत घ्यावी लागली. पुढचं चक्र मागवण्यापूर्वी क्रँकवरच्या बोल्टांच्या वर्तुळाचं माप घ्या. पाहुण्याला विचारल्याशिवाय शर्ट शिवायला टाकत नाही, तसंच.

दुसरी सुधारणा ट्यूबलेसची. आपल्याकडे माळरानावर सराटे असतात ना, तेच सराटे कॅलिफोर्नियातही रस्त्याकडेला माजलेत. इथे त्यांना गोटहेड म्हणतात. ट्यूब असली की पंक्चर ठरलेलं. रिम आणि टायर ट्यूबलेसला चालणारे असतील तर टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट घालून काम होतं. टायरमध्ये साठ ते नव्वद मिलिलीटर सीलंट, दर तीन महिन्यांनी तपासायचं, कारण इथल्या कोरड्या हवेत ते सुकतं. हवाही कमी ठेवता येते. लेकीच्या वजनाला वीस पीएसआयच्या आसपास पुरते, आणि दगडांवर टायरची पकड चांगली बसते.

तिसरी गोष्ट सुधारणा नव्हे, फक्त जुळवणी. पुढच्या सस्पेन्शनमध्ये हवा असते. सायकलीवर नुसतं बसल्यावर ते एकूण प्रवासाच्या वीस ते तीस टक्के दबायला हवं. शंभर मिलिमीटरचं असेल तर वीस ते तीस मिलिमीटर. मुलं वाढतात, वजन बदलतं, म्हणून दर काही महिन्यांनी हे पुन्हा मोजायचं. आधीच्या मालकाच्या वजनाला भरलेली हवा लेकीला फार होती. ती कमी केली तर तिला वाटलं, आईने नवा फोर्क आणला.

आजोबांचा तास

माझे बाबा साताऱ्याला असतात. नोकरीची तीस वर्षं सायकलवरून केली. लेकीचं आणि त्यांचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का?" "हो आजोबा" आणि "अभ्यास?" "चालू आहे" एवढ्यात आटपायचं. तिला मराठी समजतं, पण बोलायला काही नसलं की भाषा आटत जाते. सगळ्याच घरांतली ही गोष्ट आहे.

मागच्या चाकाला आऊट होता. डिस्क ब्रेक असल्यामुळे रिमजवळ ब्रेकचे रबर नसतात, म्हणून फ्रेमला प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिचं टोक रिमपाशी आणलं, म्हणजे चाक कुठे डोलतंय ते दिसतं. बाबा व्हिडिओवर होते. ते तिला म्हणाले, "चाक डावीकडे येतंय ना? मग उजव्या बाजूच्या तारा आवळ, डावीकडच्या थोड्या सोड. पाव फेरा. पिळू नकोस बाळा, तार तुटेल."

अर्धा तास ती दोघं त्या चाकाशी बोलत होती. फोर्कला चिमटा म्हणतात, बेअरिंगच्या गोळ्यांना छर्रे, आणि मागच्या चाकात टिकटिक करतात ते कुत्रे, हे तिला त्या दिवशी कळलं. कुत्र्यांवर ती खूप हसली. आता रविवारी तीच फोन लावते. "आजोबा, कुत्रे बरे आहेत, पण चेन वाजतेय." शाळेत सहा वर्षं मी मुलांना शब्दसंपत्ती शिकवली. फळ्यावर लिहून दिलेला शब्द वहीत राहतो, हाताला ग्रीस लागून आलेला तोंडात राहतो.

काय घरी करू नये

उत्साहालाही मर्यादा हवी. सस्पेन्शनच्या खालच्या नळ्यांचं तेल बदलणं पुस्तिका वाचून जमतं. रॉकशॉक्ससारख्या कंपन्या ते दर पन्नास तासांच्या वापरानंतर करायला सांगतात. पण आतल्या डँपरची पूर्ण सर्व्हिस मी दुकानात देते. फ्रेमला तडा दिसला किंवा ब्रेकच्या नळीतून तेल गळत असेल, तर सायकल बाहेर काढायची नाही, जाणकाराकडे न्यायची. हँडलचे बोल्ट अंदाजाने आवळायचे नाहीत. स्टेमवर किती न्यूटन-मीटर ते छापलेलं असतं, साधारण पाचच्या आसपास. त्यासाठी टॉर्क रेंच घ्यायचा. आणि डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून जोर लावायचा नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. चार, पाच, सहा मिलिमीटरच्या ॲलन की, डिस्कच्या बोल्टसाठी टी-२५, चेन-चेकर, चेन तोडायचं हत्यार, टायर-लिव्हर, हवेचे दोन पंप आणि टॉर्क रेंच. सगळं मिळूनही त्या दुकानातल्या खर्चाच्या निम्म्याहून कमी झालं, आणि ही हत्यारं पुढच्या सायकलीलाही उपयोगी पडतील.

वेळापत्रक आपल्या पंचांगालाच बांधता येतं. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पुजायची आपली रीत आहेच. त्या दिवशी सायकल उघडावी. पॅड, डिस्क, चेन, बोल्ट, सीलंट आणि सस्पेन्शनची हवा सगळं तपासावं, आणि पावसाळा संपला की गुढीपाडव्याच्या सुमाराला पुन्हा एकदा. इथला पावसाळा हिवाळ्यात असतो, त्यामुळे हे दोन्ही दिवस अगदी नेमक्या वेळी येतात.

मंडळाच्या पुढच्या सहलीला ज्यांना सायकली आणायच्या असतील, त्यांनी आणाव्यात. मी हत्यारांची पेटी आणणार आहे. पॅड मोजणं, चेन मोजणं आणि चाकाचा आऊट काढणं एवढं तासाभरात शिकवून होतं. तिसऱ्या विषयाच्या शिक्षिका आमच्या घरीच आहेत, इयत्ता सातवी पास.