रूट 7 वरची पाटी

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात ग्रेट बॅरिंग्टनजवळ रूट 7 च्या कडेला मॉन्युमेंट माउंटनची पाटी आहे. तिच्यावर नाव आहे ‘द ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ या संस्थेचं. पाटीमागची सुमारे पाचशे एकर जमीन ना सरकारची, ना कुणा धनिकाची. पण लोकांना खुली.

अशी मालकी सुचली चार्ल्स एलियट या तरुण लँडस्केप आर्किटेक्टला. बॉस्टन झपाट्याने पसरत होतं. 1890 मध्ये त्याने ‘गार्डन अँड फॉरेस्ट’ साप्ताहिकाला पत्र लिहिलं: ग्रंथालयं पुस्तकं सांभाळतात, संग्रहालयं चित्रं सांभाळतात, तर रानाचे सुंदर तुकडे सांभाळायला विश्वस्त का नसावेत? पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा करून ही संस्था उभी केली, जमिनीला करमाफीही दिली. 1895 मध्ये इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने हाच नमुना उचलला. एलियट मात्र 1897 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी मेंदूज्वराने गेला.

मॉन्युमेंट माउंटन संस्थेकडे आला 1899 मध्ये, हेलन बटलर यांच्या देणगीतून. तोवर त्याला साहित्यिक वलय लाभलं होतं. 5 ऑगस्ट 1850 ला कादंबरीकार हॉथॉर्न आणि मेल्व्हिल यांची पहिली भेट इथल्या सहलीत झाली. मध्येच पाऊस आला, मंडळी खडकाच्या आडोशाला थांबली, शॅम्पेन उघडली गेली. पुढच्या वर्षी आलेली ‘मोबी डिक’ मेल्व्हिलने हॉथॉर्नलाच अर्पण केली. अमेरिकन साहित्याचे भक्त हा किस्सा अजून चवीने सांगतात, आणि तो आहेही तसाच.

पण डोंगराला ‘मॉन्युमेंट’ हे नाव पडलं ते लेखकांमुळे नव्हे. इथे मोहिकन लोकांनी रचलेला दगडांचा ढीग होता. येता-जाता प्रत्येकाने त्यात एक दगड टाकायचा. अठराव्या शतकातल्या मिशनऱ्यांनी त्याची नोंद केली आहे. हेच मोहिकन अमेरिकन क्रांतियुद्धात वसाहतींच्या बाजूने लढले आणि युद्धानंतर त्यांनाच इथलं शेजारचं स्टॉकब्रिज गाव सोडावं लागलं. आधी न्यूयॉर्क, मग थेट विस्कॉन्सिन. ते गेल्यावर विल्यम कलन ब्रायंटच्या कवितेने कड्यावरून उडी घेणाऱ्या आदिवासी मुलीची दंतकथा गाजवली. सर्वोच्च शिखराला नाव मिळालं ‘स्क्वॉ पीक’. ‘स्क्वॉ’ हा मूलनिवासी स्त्रियांसाठी शिवीसारखा वापरला गेलेला शब्द, आणि शतकभर तो नकाशांवर निमूट छापला गेला.

विश्वस्तांनी झाडं राखली, कडे राखले, डोंगरावर बंगले चढू दिले नाहीत. हे काम लहान नाही. पण जमीन ‘जशी आहे तशी’ जपण्यात तिच्यावर नंतर चिकटवलेली नावंही जपली गेली, आणि ज्यांचा हा डोंगर होता त्यांना विचारायचं कुणाला फार उशिरा सुचलं. 2021 मध्ये मोहिकनांच्या वंशजांच्या स्टॉकब्रिज-मन्सी समाजाशी बोलून शिखराचं नाव ‘पीस्कॉसो पीक’ केलं गेलं, आणि ‘इंडियन मॉन्युमेंट ट्रेल’ ही वाट ‘मोहिकन मॉन्युमेंट ट्रेल’ झाली.

नाव बदलणं त्यातल्या त्यात स्वस्त. खरी गोष्ट 2023 ची: याच डोंगरावरची, संस्थेच्या राखीव क्षेत्राबाहेरची सुमारे साडेतीनशे एकर जमीन मोहिकनांच्या वंशजांना परत मिळावी म्हणून राज्याने वीस लाख डॉलरहून अधिक अनुदान मंजूर केलं. जंगल राखायची अट तिथेही आहे. या वेळी राखणदार मात्र विस्कॉन्सिनहून येणार आहेत.