एक डालेक, अनेक डॉक्टर: ‘डॉक्टर हू’चा नायक अभिनेत्यागणिक कसा बदलत गेला?

३१ मे २०२५ रोजी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या ताज्या पर्वाचा अखेरचा भाग दाखवला गेला. शेवटच्या क्षणी नायकाच्या भूमिकेतले शुटी गॅटवा प्रकाशाच्या झोतात दिसेनासे झाले आणि त्या जागी बिली पायपर हसताना दिसल्या. श्रेयनामावलीत मात्र त्यांच्या नावासोबत ‘डॉक्टर’ असं लिहिलेलं नव्हतं. पुढची डॉक्टर त्याच का, यावर चर्चा सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ जुना वादही परतला: आजवरचा सर्वांत चांगला डॉक्टर कोणाचा?

बहुतेक वेळा या वादाचं उत्तर आपण कोणत्या वयात कोणाला पाहिलं, यावर ठरतं. (माझं उत्तर डेव्हिड टेनंट. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, तोंडावर आलेली परीक्षा. पुढचं सांगायला नको.) पण आवडनिवड बाजूला ठेवून ही तुलना करता येते का?

मुळात हा डॉक्टर कोण?

बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ही मालिका सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनऊत जन्मलेले, तेव्हा २४ वर्षांचे असलेले वारिस हुसेन. नायकाला नाव नाही, तो फक्त ‘द डॉक्टर’. परग्रहावरचा, दोन हृदयांचा. बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळात आणि अवकाशात हिंडतो. सोबत बहुतेक वेळा पृथ्वीवरचं एखादं माणूस असतं.

पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल तेव्हा ५५ वर्षांचे होते. १९६६पर्यंत त्यांची प्रकृती ढासळली, संवाद लक्षात राहीनासे झाले. मालिका जोरात आणि नायक थकलेला. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेत अशा वेळी पडद्याच्या तळाशी एक पट्टी येते, ‘यापुढे ही भूमिका अमुक साकारतील’, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं घर नव्या चेहऱ्याला जुन्याच नावाने हाक मारतं. बीबीसीने तसं केलं नाही. डॉक्टर माणूस नाहीच, तर जुनं शरीर निकामी झाल्यावर त्याला नवं मिळालं तर काय बिघडलं? अदलाबदल कथेतच आली. तिला ‘रिजनरेशन’ हे नाव मात्र १९७४मध्ये मिळालं.

जेम्स बाँडचा अभिनेता बदलतो तेव्हा नवा अभिनेता त्याच माणसाची भूमिका करतो. इथे आठवणी त्याच राहतात, पण स्वभाव, चाल, आवाज, कपडे सगळं बदलायची मुभा आहे. त्यामुळे दोन डॉक्टरांची तुलना करणं अवघड जातं.

मग तुलना करायची कशी?

प्रयोगशाळेत एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. एका घटकाचा परिणाम पाहायचा असेल, तर बाकीचे स्थिर ठेवा. ‘डॉक्टर हू’मध्ये असा स्थिर घटक आहे, तो म्हणजे डालेक.

डालेक दिसतो चाकांवर सरकणाऱ्या उलट्या बादलीसारखा. हाताच्या जागी बेसिन तुंबल्यावर वापरतात तसा रबरी पंप. वर्णन वाचून हसू येईल. पण आतल्या जीवात स्वतःच्या वंशाखेरीज प्रत्येकाबद्दल फक्त द्वेष भरलेला आहे आणि तो जवळपास प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला आला आहे. डिसेंबर १९६३पासून तो फारसा बदललेला नाही. म्हणून त्याच्यासमोर उभं राहून कोणता डॉक्टर काय करतो, एवढंच पाहायचं.

हार्टनेल यांच्यापासून सुरुवात केली तर पहिला धक्का बसतो. डालेकांचं शहर पाहायची इतकी उत्सुकता, की हा डॉक्टर यान बिघडल्याचं खोटं सांगून सोबतच्या सगळ्यांचा जीव धोक्यात घालतो. त्याआधीच्या कथेत तर जखमी आदिमानवापासून सुटका करून घ्यायला त्याने दगड उचललेला असतो आणि शिक्षकाचं काम करणारा सहप्रवासी त्याचा हात धरतो. आज आपण ज्याला डॉक्टर म्हणतो तो दयाळू नायक सुरुवातीला नव्हताच. हार्टनेल यांनी तिरसट, संशयी म्हातारा उभा केला आणि पुढच्या तीन वर्षांत त्याला हळूहळू मऊ होऊ दिलं.

दुसऱ्या डॉक्टरकडे, म्हणजे पॅट्रिक ट्रॉटन यांच्याकडे, शेवटी येऊ. त्याला कारण आहे.

दोन वायर आणि एक प्रश्न

१९७०मध्ये रंगीत चित्रणासोबत आलेले जॉन पर्टवी मखमली कोटातले, कुंग-फूछाप हात चालवणारे. डालेक येण्याची वाट पाहतानाही त्यांचा डॉक्टर यजमानाच्या घरची वाइन आणि चीज चवीने खातो. भीती त्यांच्या चेहऱ्याला फारशी शिवत नाही. मजा येते, पण धोका खरा वाटत नाही.

मग १९७४मध्ये आले टॉम बेकर. निवड झाली तेव्हा ते एका बांधकामावर काम करत होते. लांबच लांब मफलर, विस्फारलेले डोळे, कोणत्याही क्षणी हसतील की ओरडतील याचा नेम नाही. सात वर्षं, म्हणजे सगळ्यांत जास्त काळ, त्यांनी ही भूमिका केली.

१९७५च्या ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’मध्ये त्यांना डालेकांचा जन्मच थांबवायचा असतो. स्फोटकं लावलेली आहेत, हातात दोन वायर आहेत, टोकाला टोक लावायचं बाकी आहे. आणि बेकर थांबतात. एक अख्खी प्रजाती संपवण्याचा हक्क आपल्याला आहे का, असा प्रश्न त्यांचा डॉक्टर स्वतःलाच विचारतो. एरवी सतत खोडकर असलेला हा नट इथे आवाज खाली आणतो. विनोदी मुद्रांमागे ज्याने इतका वेळ काहीतरी राखून ठेवलं होतं, तो माणूस त्या वायरींवरून नजर हलवत नाही. सोबतची सारा जेन त्याला ‘कर’ म्हणून विनवते. तेवढ्यात एक निरोप येतो आणि निर्णय टळतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर दिसणारी सुटका मला त्या प्रश्नाहूनही खरी वाटते.

आता तीस वर्षं पुढे या. मालिका १९८९मध्ये बंद पडली होती, १९९६च्या एका टीव्ही-चित्रपटानेही ती पुन्हा उभी राहिली नाही. २००५मध्ये ती परतली तेव्हा नायक होते ख्रिस्तोफर एकल्स्टन, गंभीर नाटकांसाठी ओळखले जाणारे. मफलर नाही, कोटाची नक्षी नाही. बारीक केस, काळं लेदर जॅकेट, उत्तर इंग्लंडची बोली.

‘डालेक’ या भागात एका अब्जाधीशाच्या भूमिगत संग्रहालयात साखळदंडांनी जखडलेला एकच डालेक आहे. डॉक्टर अंधारात त्याच्याशी सहानुभूतीने बोलतो. समोर कोण आहे हे कळताच तो दाराकडे धावतो आणि ‘मला बाहेर काढा’ म्हणून किंचाळतो. मग लक्षात येतं, की डालेकचं शस्त्र निकामी झालं आहे. इथे एकल्स्टन जे करतात ते त्याआधी कोणत्याही डॉक्टरने केलं नव्हतं. भीतीतून ते थेट क्रूर आनंदात जातात. तोंडाला फेस येईल असं बोलतात, त्या असहाय जिवाला विजेचा झटका देतात. शेवटी हातात मोठी बंदूक घेऊन येतात, तर रोझ ही त्यांची सहकारी मध्ये उभी आणि डालेक मरणाला टेकलेला. ही रोझ म्हणजे बिली पायपरच.

शत्रू तोच, संधी तीच. बेकर यांचा डॉक्टर शंका घेतो, एकल्स्टन यांचा डॉक्टर शंका घ्यायच्या अवस्थेतच नाही. दोघांत कथेच्या सोयीने एक मोठं युद्ध घडून गेलेलं आहे हे खरं, पण पटकथा इतकंच सांगते. त्या युद्धाचा भार दिसतो तो एकल्स्टन यांच्या जबड्यात. त्यांनी फक्त १३ भाग केले. माझ्या मते आवडता डॉक्टर आणि सर्वांत चांगला अभिनय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसऱ्यासाठी माझं मत त्यांना.

बाकीच्यांचं काय?

सगळ्यांचा हिशेब इथे मांडत नाही, पण काही जण टाळता येत नाहीत. क्रिकेटच्या पोशाखात वावरणारे पीटर डेव्हिसन १९८४मध्ये डालेकांच्या निर्मात्यावर, डाव्हरोसवर, बंदूक रोखतात आणि त्यांचा हात चालतच नाही. बेकर यांचं थांबणं तत्त्वाचं होतं, डेव्हिसन यांचं हतबलतेचं. त्याच कथेच्या शेवटी मृत्यू पाहून उबगलेली सहकारी त्यांना सोडून जाते आणि ते बघत राहतात.

सिल्व्हेस्टर मॅकॉय विनोदी नट म्हणून ओळखले जात. १९८८मध्ये त्यांचा डॉक्टर सापळा रचून डालेकांचा अख्खा ग्रह उडवतो आणि शेवटच्या डालेकला नुसतं बोलून आत्मनाश करायला लावतो. आवाज चढत नाही. तो भाग पाहताना अंगावर काटा येतो.

भूमिका मिळाली तेव्हा जेमतेम २६ वर्षांचे असलेले मॅट स्मिथ डालेकांसमोर हातातलं बिस्कीट स्फोटाचं बटण म्हणून दाखवतात आणि वेळ मारून नेतात. हार्टनेल यांच्याइतक्याच, ५५व्या वर्षी निवडले गेलेले पीटर कपाल्डी एका डालेकच्या आत शिरतात आणि तो त्यांच्या मनातला द्वेष ओळखतो. कपाल्डी यांचा चेहरा त्या वेळी वाद घालत नाही. टेनंट २००७मध्ये उरलेल्या शेवटच्या डालेकला मदत देऊ करतात. आवडत्याबद्दल तक्रार करायची तर एकच: ते कधीकधी रडणं आणि ओरडणं एकाच श्वासात करतात.

२०१७मध्ये पहिली स्त्री डॉक्टर म्हणून निवडल्या गेलेल्या जोडी व्हिटाकर यांचा डालेक भंगारातून स्वतःचं कवच बनवतो, जसा त्यांनी भंगारातून स्क्रूड्रायव्हर बनवला होता. पण त्यांचा कस लागला तो २०१८च्या ‘डीमन्स ऑफ द पंजाब’मध्ये. १९४७ची फाळणी, दोन धर्मांतलं एक लग्न, आणि डॉक्टरला फक्त बघत राहायचं आहे. हस्तक्षेप न करणं हा अभिनय त्यांना चांगला जमला. गॅटवा यांच्या वाट्याला तर डालेकची कथा आलीच नाही. त्यांची परीक्षा घेतली माणसांनी. २०२४च्या ‘डॉट अँड बबल’मध्ये ते ज्यांना वाचवू पाहतात, ती गोरी तरुण मंडळी त्यांच्या रंगामुळे मदत नाकारतात. गॅटवा आधी अविश्वासाने हसतात, मग विनवतात, मग किंचाळतात.

सर्वांत महत्त्वाचा डॉक्टर दिसत का नाही?

आता ट्रॉटन. १९६६मध्ये त्यांच्यासमोर सोपा मार्ग होता: पांढरा टोप घालून हार्टनेल यांची नक्कल. त्यांनी ती केली नाही. ढगळ कोट, विस्कटलेले केस, हातात बासरीसारखं वाद्य आणि भटक्या विदूषकाचा आव. पहिल्याच ‘पॉवर ऑफ द डालेक्स’ या कथेत ते आरशात पाहतात तर जुना चेहरा दिसतो. स्वतःबद्दल ते ‘डॉक्टर’ असं तिसऱ्याच माणसाविषयी बोलावं तसं बोलतात. सोबतच्या दोघांपैकी एकाला हा माणूस तोतया वाटतो. घरी बसलेल्या प्रेक्षकांनाही तेच वाटत असणार.

त्यांना ओळखतं कोण? डालेक. मित्राला पटत नाही, शत्रूला मात्र नजरेला नजर भिडताच कळतं. ट्रॉटन यांनी नक्कल केली असती, तर पुढच्या प्रत्येकाला हार्टनेलच करावे लागले असते. मफलर, लेदर जॅकेट, क्रिकेटचा स्वेटर हे सगळं त्या एका नकारातून आलं. मॅट स्मिथ यांनी तर ट्रॉटन यांच्या जुन्या कथा पाहूनच बो-टाय निवडला.

पण ‘पॉवर ऑफ द डालेक्स’चे सहाही भाग आज उपलब्ध नाहीत. त्या काळात चित्रफिती महाग होत्या, जुन्या पुसून पुन्हा वापरल्या जात. साठच्या दशकातले ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग असे गेले आणि त्यांत ट्रॉटन यांचे खूप आहेत. २०१३मध्ये नायजेरियात त्यांचे नऊ भाग सापडले. त्यांतल्या ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’मध्ये ते डॉक्टर आणि खलनायक अशा दोन्ही भूमिका करतात, आणि दोघांची चालही वेगळी आहे.

‘पॉवर ऑफ द डालेक्स’चा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण १९६६मध्ये काही प्रेक्षकांनी घरच्या टेप रेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. त्या आवाजावर २०१६मध्ये ॲनिमेशन तयार करण्यात आलं. आरशाचा प्रसंग त्यात पाहता येतो. संवाद ट्रॉटन यांचेच आहेत, चेहरा रेखाटलेला आहे.