व्हिडिओ काढला, पण पुढे काय?

गल्लीत भांडण झालं, दुचाकीला धक्का लागला, टँकरवाल्याशी वाजलं, की आजकाल आधी काय होतं? पाच-सहा हात वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाईल असतो. पूर्वी अशा वेळी बायका दाराआड उभ्या राहून बघायच्या, आता दाराआडूनच शूटिंग करतात. त्यात पोलिसांची गाडी आली की घराघरांत वाद सुरू. "काढू नको गं बाई व्हिडिओ, फोन हिसकून घेतील," असं सासूबाई म्हणतात. "काढ, काढ, पुरावा राहील," असं शेजारच्या वहिनी. कॉलेजात जाणारी लेक तर थेट 'लाइव्ह' जायलाच निघालेली असते. आणि घरातले पुरुष? ते मत देतात ते आपला पक्ष कोणता, त्यावरून! आपलं सरकार असेल तर पोलीस बरोबर, विरोधकांचं असेल तर पोलीस चूक. व्हिडिओत प्रत्यक्ष काय दिसतंय, ते बघायला कुणाला वेळ आहे?

पडेगाव-मिटमिट्याच्या बायकांसाठी मात्र हा वाद नुसत्या गप्पांचा नाही. छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागलं की आधी पडेगाव येतं आणि पुढे मिटमिटा. वेरूळला जाणारे पर्यटक इथून गाडीच्या काचेतून बघत पुढे निघून जातात. मार्च 2018 मध्ये मात्र हा भाग थेट विधानसभेत पोचला होता. कचऱ्यामुळे, आणि हो, मोबाईल-सीसीटीव्हीच्या चित्रफितींमुळे.

तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा कचरा कित्येक वर्षं नारेगावला पडत होता. त्या वासाला, धुराला, माश्यांना कंटाळलेल्या आसपासच्या गावांनी फेब्रुवारी 2018 मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. आता एक गाडीही आत येऊ देणार नाही, म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. शहरात रोज शेकडो टन कचरा निघतो, तो न्यायचा कुठे? चौकाचौकांत ढीग साचले. महापालिका जागा शोधत फिरू लागली आणि 7 मार्चला गाड्या निघाल्या त्या मिटमिट्याकडे. लोक रस्त्यावर उतरले. दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराची नळकांडी फोडली. दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. पुष्कळ जणांवर गुन्हे दाखल झाले.

इथवरची बातमी नेहमीसारखीच होती. 'जमावाची दगडफेक, पोलिसांचा सौम्य लाठीमार' असा मथळा आपण आयुष्यभर वाचत आलोय. फरक पडला तो पुढे. पोलीसच घरांवर दगड भिरकावताहेत, दारात उभ्या गाड्यांची मोडतोड करताहेत, असं दाखवणाऱ्या चित्रफिती बाहेर आल्या. घरात घुसून मारल्याचा आरोप रहिवाशांनी केला. आठवड्याभरात, 15 मार्चला, प्रकरण विधानसभेत गाजलं. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पोलीस आयुक्त यशस्वी यादव यांना सक्तीच्या रजेवर पाठवत असल्याचं आणि चौकशीचं जाहीर केलं.

चित्रफिती नसत्या तर एवढं झालं असतं का? माझं मत विचाराल तर नसतं झालं. शहराच्या कडेच्या वस्तीतल्या बाईने "माझ्या दारात येऊन मारलं हो" असं सांगितलं असतं, तर समोरच्याने कागदावर नजर ठेवूनच विचारलं असतं, "पुरावा काय?"

पण एवढ्यावर 'मोबाईल जिंदाबाद' म्हणून मोकळं होता येत नाही. कारण त्याच वर्षी, याच महाराष्ट्रात, याच मोबाईलने काय केलं तेही आठवा. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ गावोगाव फिरत होते. त्यातला एक प्रसिद्ध व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती! मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात, मग तेच परत आणून सोडतात आणि 'मुलांना सांभाळा' असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा भाग कापला आणि उरलेला सोडून दिला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून पोटासाठी भिक्षा मागत आलेली ती माणसं. मुलं पळवणारे असल्याच्या संशयावरून त्यांचा जीव गेला. त्यांना मारतानाचेही व्हिडिओ निघाले. वाचवायला पुढे होण्याऐवजी हात वर करून शूटिंग करणारे तिथेही होतेच की!

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. बरं झालं. तरी आपल्या भिशीच्या ग्रुपवर रोज सकाळी काय काय येऊन पडतं, ते मी सांगायला नको.

म्हणजे व्हिडिओ काढणं आणि व्हिडिओ पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण काढला रे काढला की पाठवतो, आणि जागा भरली की डिलीट करतो. कोर्टाच्या दृष्टीने मात्र नेमकं उलटं हवं असतं!

आधी सासूबाईंची भीती बघू. पोलिसांचा व्हिडिओ काढणं हा गुन्हा आहे का? रस्त्यावर, सगळ्यांसमोर चाललेल्या गोष्टीचं चित्रण करू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. त्यांच्या कामात अडथळा आणला, अंगावर धावून गेलं, तर तो गुन्हा होतो, हे खरं. पण लांब उभं राहून, आपल्या गच्चीवरून शूटिंग करणं म्हणजे अडथळा नव्हे. पोलीस ठाण्याच्या आतल्या चित्रणावरून मात्र काही जणांवर चक्क शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हे घातले गेले होते. हा इंग्रजांच्या काळातला, 1923 चा, हेरगिरीविरुद्धचा कायदा! वर्ध्याच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये सांगितलं, की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही. पाथर्डीच्या प्रकरणात 2024 मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही तेच म्हटलं. ठाण्यात जाऊन उगाच कॅमेरा नाचवा असं मी सांगत नाहीये हं. पण 'व्हिडिओ काढलास, आता तुरुंगात जाशील' या धमकीत किती दम आहे, ते आपल्याला ठाऊक हवं.

शिवाय कॅमेरा आता पोलिसांच्याही मागे लागलाय. प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट टिपणारे सीसीटीव्ही लावा आणि त्यातलं चित्रण 18 महिने जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये बजावलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर घराची झडती घेताना, वस्तू जप्त करताना पोलिसांनीच त्याचं चित्रीकरण करायचं आहे, आणि तेही शक्यतो मोबाईलवर! ज्या मोबाईलला ते बिचकतात, तोच कायद्याने त्यांच्या हाती दिला. याचा फायदा प्रामाणिक पोलिसालाही आहेच. मिटमिट्याला दगड पोलिसांनाही लागले होते. दिवसभर बंदोबस्तात उभ्या असलेल्या एखाद्या महिला शिपायाच्या डोक्यात दगड बसला, तर तो कुणी मारला हे कॅमेऱ्यानेच कळणार ना?

आता वहिनींचा 'पुरावा'. त्याबद्दल सगळ्या देशाला लागू पडणारा निकाल मिळाला तो आपल्या शेजारच्या जालन्याच्या खटल्यातून. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर अवघ्या 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं, की खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतले गेले. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं. मग मुद्दा निघाला, की ही सीडी खरी, त्यात कुणी काही घुसडलेलं नाही, याचं प्रमाणपत्र कुठे आहे? अधिकारी तर मागूनही ते देईनात. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 14 जुलै 2020 ला निकाल लागला. मूळ यंत्र, म्हणजे ज्या फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात चित्रण झालं तेच, मालकाने कोर्टात हजर करून साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. आणि ते द्यायला कुणी नकार दिला, तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं.

आमदारकीच्या भांडणातून निघालेला हा नियम आपल्या गल्लीतल्या भांडणालाही लागू होतो, बरं का. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलेला आहे. त्यात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. घाबरू नका. जसा आपल्या अंगठ्याचा ठसा, तसा प्रत्येक फाइलचा आकड्या-अक्षरांचा एक ठसा असतो. फाइलमध्ये तिळाएवढा बदल केला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की तो आपोआप दाबून लहान केला जातो, म्हणजे ठसा बदललाच. आणि ग्रुपमध्ये आलेला व्हिडिओ मुळात कुणी काढला, तेच पुष्कळदा कुणाला सांगता येत नाही. अशा दहा हातांतून फिरलेल्या चित्रफितीवर समोरचा वकील पहिला घाव घालतो.

म्हणून म्हणते, काढलेला व्हिडिओ आहे तसा फोनमध्ये राहू द्या. कापू नका, वर गाणं टाकू नका, लाल बाण काढू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर केबल लावून घ्या. आणि तो फोन दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नका! हे सांगायला सोपं, पण आपल्याकडे घरातला चांगला फोन आधी नवरा वापरतो, मग मुलगा, आणि स्क्रीनला तडा गेला की आईकडे येतो. त्यात जागा मुळातच कमी. 'स्टोरेज फुल' दिसलं की पहिली गदा येते ती आईच्या व्हिडिओंवर, मुलाच्या गेमवर नाही. दुकानाच्या किंवा बंगल्याच्या सीसीटीव्हीचंही तसंच. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं बसतं. म्हणून घटना घडली की मालकाला लगेच, लेखी, 'या तारखेचं, या वेळेचं जपून ठेवा' असं कळवायचं. त्या कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघायचं. बऱ्याच ठिकाणी ते भलतंच वर्ष दाखवत असतं!

मग सासूबाईंचा दुसरा प्रश्न येतोच, "आणि पोलीस ठाण्याच्या खेट्या कोण मारणार?" रास्त आहे. व्हिडिओ काढणारी साक्षीदार होते, हे विसरून चालणार नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण ऐकत वाढलो. पण कायद्यात बाईसाठी एक सोय आहे आणि ती फार कमी जणींना माहीत असते. साक्षीदार म्हणून चौकशी करायची तर पोलीस बाईला ठाण्यात यायची सक्ती करू शकत नाहीत. त्यांनी ती राहते तिथे यायचं असतं. जुन्या कायद्यातही हे होतं, नव्यातही आहे. "फोन घेऊन ठाण्यावर या" असा निरोप आला तर "माझा जबाब घरी येऊन घ्या" असं सरळ सांगता येतं. फोन ताब्यात घेतलाच तर पंचनामा करायला लावायचा, त्याची प्रत मागायची, कंपनी, मॉडेल आणि आयएमईआय नंबर त्यात लिहिलाय का ते बघायचं. हा नंबर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो. आजच वहीत लिहून ठेवा, फोन चोरीला गेला तरी हाच लागतो.

कॉलेजातल्या लेकीचं 'लाइव्ह' मात्र मला पटत नाही. भांडणात पदर ढळलेली, रडणारी, मार खाणारी बाई असते. कुणाचं अल्पवयीन पोर असतं. त्यांनी आपला चेहरा जगाला दाखवायला होकार दिलेला नसतो. कोर्टात दाखवणं वेगळं आणि तालुकाभर दाखवणं वेगळं. दोन मिनिटांच्या त्या तुकड्याच्या आधी काय घडलं, ते बघणाऱ्याला कळतही नाही. पण लेक म्हणते, "आई, विधानसभेत गेले ते व्हिडिओ आधी लोकांत फिरले म्हणूनच गेले ना? फोनमध्ये जपून ठेवले असते तर कोण विचारणार होतं?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मूळ प्रत जप, आणि बाहेर दिलंच तर ग्रुपवर न टाकता नाव-गाव विचारून खातरजमा करणाऱ्या वार्ताहराकडे दे, एवढंच मी तिला म्हणू शकते. तिला ते जुन्या वळणाचं वाटतं.

बाकी ज्या कचऱ्यावरून हे सगळं झालं, त्याची सोय पुढे चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडी आणि पडेगाव अशी वाटून झाली. म्हणजे प्रक्रिया केंद्र शेवटी पडेगावातही आलंच.